अंजिराखालचा नाकारलेला

मेलेल्यांच्या दिवशी मेन्कोनींकडे सगळ्यांत आधी अंघोळ असायची ती ओरेस्तेआजोबांना. दोन नोव्हेंबरच्या सकाळी अख्खं कुटुंब बादल्या, मऊ ब्रश आणि साबणाची वडी घेऊन रस्ता ओलांडायचं, चाकारिताच्या दफनभूमीत शिरायचं आणि आपल्या समाधीघरातला आजोबांचा संगमरवरी अर्धपुतळा कानांमागपासून मानेच्या घडीपर्यंत घासून काढायचं. बाकीची कुटुंबं फुलं घेऊन यायची. मेन्कोनीही फुलं आणायचे, पण ती अंघोळीनंतर. त्यांचा मूर्तिकामाचा कारखाना दफनभूमीच्या भिंतीला तोंड करून होता आणि आतले निम्मेअधिक देवदूत त्यांच्याच हातचे होते. परक्या देवदूताच्या पंखावर शेवाळ दिसलं तरी लिव्हिओचं डोकं फिरायचं, मग घरच्या माणसाच्या नाकावर धूळ कशी चालेल.

ते नाकही तसंच होतं. मोठं, मधोमध उंचवटा असलेलं, टोकाला किंचित खाली वळलेलं. ओरेस्ते मेन्कोनी कार्राराहून ब्यूनोस आयर्सला आला तेव्हा त्याच्याजवळ एक लोखंडी हातोडा होता, आणि चाळिशी उलटता उलटता तो गेला तेव्हा मागे बायको, दोन लहान पोरं आणि तोच हातोडा राहिला. पोरं मोठी होईतो कारखाना चेझारे नावाच्या कारागिरानं सांभाळला. वेळ आली तेव्हा चेझारेनं दोघा भावांना समाधीघरात नेलं, पुतळ्याशेजारी उभं केलं आणि हातोडा थोरल्या लिव्हिओला दिला, कारण मालकाचं नाक त्याच्यावर उतरलं होतं. धाकट्या एत्तोरेचा हात जास्त चांगला होता, पण नाक आखूड. ते कुणावर गेलं होतं हे कुणाला सांगता येत नव्हतं आणि त्यानंही कधी विचारलं नाही. तेव्हापासून तो नियमच होऊन बसला. ज्याला नाक त्याला हातोडा, आणि ज्याला हातोडा त्याचा कारखाना.

एकोणीसशे चौसष्ट साली आजोबांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती. लिव्हिओनं जाहीर केलं होतं की त्या वर्षीच्या दोन नोव्हेंबरला जेवणानंतर हातोडा पुढच्या पिढीकडे जाईल. पुढच्या पिढीत ते नाक एकालाच होतं, लिव्हिओच्या मुलाला, ओस्वाल्दोला. ओस्वाल्दोनं आयुष्यात एक दगड पुरा केला नव्हता. त्याला साच्यातून काढलेले सिमेंटचे देवदूत विकायचे होते आणि अंगणाची जागा एका गॅरेजवाल्याला द्यायची होती, आणि हे तो लपवतही नव्हता. एत्तोरेची मुलगी मिर्ता परकरी वयापासून दगडावर काम करत होती. अवघड चेहरा आला की लिव्हिओ काही न बोलता तो तिच्याकडे सरकवायचा. पण तिचं नाक बापाचं. हातोडा ओस्वाल्दोकडे गेला की त्या अंगणात पुन्हा दगड येणार नाही हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि सकाळपासून ती कुणाशी धड बोलली नव्हती.

"कानात साबण राहू देऊ नकोस," लिव्हिओ तिला म्हणाला.

मिर्तानं कान धुतले. मग भुवया धुतल्या. डावी भुवई मधोमध तुटलेली होती. लहानपणी तिला वाटायचं की चेझारेची छिन्नी घसरली असणार. फडका पिळायला ती वाटेकडे वळली, तेव्हा समोरच्या भिंतीत नवीन बसवलेला एक खण तिला दिसला. दफनभूमीच्या पार पलीकडचा जुना भाग मोडायला काढला होता आणि तिथल्या हाडांच्या पेट्या इकडच्या खणांत आणून ठेवत होते. खणाच्या दगडावर चिनीमातीची अंडाकृती तबकडी होती आणि तबकडीवर फोटो. भरल्या गालांचा एक माणूस होता. डावी भुवई मधोमध तुटलेली. खाली नाव होतं जाकोमो पित्तालुगा, आणि साल आजोबा गेले तेच.

मिर्तानं फडका पिळायचा तो पिळला. मग पुतळ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोटोकडे. मापाचा कंपास लावायचीही गरज नव्हती. गालाची हाडं, कपाळाची रुंदी, ते नाक. अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात ज्याला ती दरसाल अंघोळ घालत आली होती तो माणूस समोरच्या भिंतीतून तिच्याकडे पाहत होता.

खणापुढे एक म्हातारी बाई पांढरी शेवंती घेऊन उभी होती. तीही एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहत होती. शेवटी वाट ओलांडून ती मेन्कोनींच्या दाराशी आली आणि हे तुमचे कोण, असं तिनं लिव्हिओला अदबीनं विचारलं.

"आमचे वडील. ओरेस्ते मेन्कोनी. शिल्पकार होते."

"माझ्या बाबांसारखे दिसतात."

लिव्हिओला हे आवडलं. आपला बापही असा दिसत असावा असं लोकांना वाटणं त्याला स्वाभाविक वाटे. शिवाय त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे वाटेपलीकडची तबकडी त्याच्या लेखी एक पांढरा ठिपका होती. "त्या काळची माणसं अशीच भरदार असायची, बाई," तो म्हणाला आणि तुलना करता यावी म्हणून त्यानं आपला चेहरा थोडा बाजूला वळवून धरला. बाईंनी तो नीट निरखला आणि नाक अगदी तसंच आहे, असं कबूल केलं.

मिर्ताला तिथेच तोंड उघडता आलं असतं. पण काका पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. तिनं दुसरंच केलं. बादली भरायच्या निमित्तानं ती बाईंच्या मागोमाग नळापर्यंत गेली आणि दुपारी आमच्याकडे जेवायला या, म्हणाली. "समोरचाच कारखाना. आमच्या नोन्नाला जुन्या माणसांच्या गोष्टी ऐकायला फार आवडतं."

हे साफ खोटं होतं. आजीला, म्हणजे ज्यांना सगळे नोन्ना म्हणत त्या आसुंताबाईंना, जुन्या माणसांच्या गोष्टींचा मनस्वी कंटाळा होता.

*

लिव्हिओ घरी परतला तो खुशीत. कारखान्यातून अंगणात येताना त्यानं नेहमीप्रमाणे रिकामी बादली नाकारलेल्याच्या डोक्यावर पालथी घातली.

नाकारलेला अंजिराखाली उभा असे. गिऱ्हाइकानं नको म्हटलेला असा एखादा नग प्रत्येक कारखान्यात असतो. हाही कुणा दाढीवाल्या माणसाचा अर्धपुतळा होता, फार जुना, आणि संगमरवर चांगला म्हणून ठेवून दिलेला. नोन्ना त्याच्या डोक्यावर स्वयंपाकघरातला ओला फडका वाळत घालायची आणि सणावाराला खांद्यांवर हातच्या शेवया. नवशिक्यांनी छिन्नी धरायला शिकायचं ते त्याच्या पाठीवर. मिर्ता तिथेच शिकली होती. ओस्वाल्दोलाही दहाव्या वर्षी पाठच दिली होती, पण तो पुढून गेला आणि एका घावात त्यानं नाक उडवलं. ओस्वाल्दोचा दगडाशी आलेला संबंध एवढाच. लिव्हिओ स्वतः दर उन्हाळ्यात त्याच्या खांद्यावर पाय देऊन वरचे अंजीर काढायचा.

हातपाय धुताना त्याच्या मनात हातोड्याचाच विचार होता. ओस्वाल्दो सिमेंट ओतणार हे त्यालाही कळत होतं, तो काही खुळा नव्हता. पण आपल्याला हातोडा मिळाला तो कुणाच्या मर्जीनं नाही, त्या चेहऱ्यामुळे मिळाला, असं त्याला वाटे, आणि आता चेहऱ्याचं म्हणणं मोडायचं कसं. बापाची त्याला एकही आठवण नव्हती. तरी बायको गेली तेव्हा तो समाधीघरात जाऊन त्या दगडापुढे बसला होता आणि एत्तोरेलाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळं त्याला सांगितलं होतं. दगडानं ऐकून घेतलं होतं. एवढं ज्याच्यावर विसंबून राहिलो, त्याच्या नाकाला डावलून हातोडा पुतणीला द्यायचा, हे त्याच्यानं होणार नव्हतं.

नोन्ना अंगणात आली, नाकारलेल्याच्या डोक्यावरची बादली उचलून तिनं खाली ठेवली आणि फडका परत नीट पसरला.

"घासलास का त्याला?" तिनं विचारलं.

"घासला. तू पण यायला हवं होतंस, आई. शंभर वर्षं झाली आज."

"गुडघे," नोन्ना म्हणाली. दफनभूमीत न जाण्याचं हे कारण ती चाळिशीपासून सांगत होती, आणि तेव्हा ती गच्चीवर पाण्याच्या बादल्या चढवायची.

*

दारावरची घंटा वाजली तेव्हा इर्मा सारण भरलेल्या रावियोलीवर रस्सा ओतत होती. इर्मा एत्तोरेची बायको. तिचं माहेर बेकरीवाल्यांचं, स्पॅनिश, आणि लग्न होऊन आल्यापासून या घरात नाकाखेरीज दुसऱ्या कशाला किंमत नाही हे ती जेवणाच्या टेबलावर ऐकत आली होती. आपल्या नवऱ्याला डावललं ते तिनं गिळलं होतं. आता मुलीलाही डावलणार, म्हणून आज ती भांडणाच्या तयारीनंच उठली होती. दारात अनोळखी म्हातारी दिसल्यावर मात्र तिला भांडण पुढे ढकलावं लागलं.

बाईंनी हातातलं जाडजूड सॉसेज पुढे केलं आणि आपण पित्तालुगा, मुलीनं जेवायला बोलावलं म्हणून आलो, असं सांगितलं. सगळ्यांनी मिर्ताकडे पाहिलं. मिर्ता पाव कापत होती. आपली मुलगी कधी कुणाला जेवायला बोलावत नाही हे इर्माला ठाऊक होतं, आणि एवढा बारीक पाव तर ती कधीच कापत नाही हेही. इर्मानं एक खुर्ची जास्तीची ओढली, ती लिव्हिओच्या बरोब्बर समोर.

पहिल्या वाढणीला हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. दुसऱ्या वाढणीला पित्तालुगाबाईंनी वाइनमध्ये थोडा सोडा घातला आणि आमचा सॉसेजचा धंदा वडिलांपासूनचा, असं सांगितलं. तुमच्या कारखान्याचं नावही आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, त्या म्हणाल्या.

"असणारच," लिव्हिओ म्हणाला.

"बाबा गेले तेव्हा त्यांचा अर्धपुतळा तुमच्याकडेच करायला दिला होता. तुमच्याच माणसानं येऊन त्यांच्या चेहऱ्यावरून प्लास्टरचा मुखवटा घेतला. पण पुतळा आला तो भलत्याच माणसाचा."

"आमच्याकडून?" लिव्हिओ म्हणाला.

"हो. हातगाडीवरून आला होता. आईनं दारातच बघितला. म्हणाली, माणूस चांगला दिसतोय, पण आमचा नाही. आणि त्याच गाडीवरून परत पाठवला." बाईंनी तोंड पुसलं. "आज सकाळी तुमच्याकडचा पाहिला. तुम्ही म्हणता ते तुमचे वडील आहेत, तर असतील. पण डावी भुवई बाबांची मी लहान असताना कढईच्या उडालेल्या तेलानं गेली होती. तुमच्या वडिलांचीही तशीच गेली होती का, एवढंच विचारायला आले."

ओस्वाल्दो जेवत राहिला. इर्माच्या डोक्यात मात्र एक एक गोष्ट जागेवर बसत गेली. समाधीघरातला पुतळा पित्तालुगाचा, नाक पित्तालुगाचं, आणि तेच नाक समोर लिव्हिओच्या तोंडावर. ती भांडणाच्या तयारीत होती, पण हे तिच्या तयारीच्या पलीकडचं होतं.

"म्हणजे लिव्हिओभाऊजींचं नाक..." ती म्हणाली, आणि वाक्य तिनं तिथेच टेबलावर ठेवलं.

ते सगळ्यांनी पाहिलं. पित्तालुगाबाईंनीही पाहिलं आणि आपल्या वडिलांच्या वतीनं त्या किंचित लाल झाल्या. लिव्हिओनं काटा खाली ठेवला. मिर्ताला वाटलं, आपण पाव कापायचं सोडून या बाईंना परत पोचवून यावं, सगळंच परत नेऊन सोडावं. काकाच्या तोंडाकडे तिला बघवेना.

"माझं आहे," नोन्ना म्हणाली. ती रावियोलीचं पातेलं घेऊन तिसरी वाढणी वाढत होती. "लिव्हिओचं नाक माझं आहे. माझं आईकडून आलंय. तुझं ताट पुढे कर, इर्मा, आणि तोंड बंद कर."

*

एत्तोरेनं आयुष्यात किती नाकं केली असतील याचा हिशोब नव्हता. बिशपांची, कर्नलांची, बाळंतपणात गेलेल्या बायकांची. आता टेबलापलीकडे त्यानं आपल्या आईकडे पाहिलं, आणि गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहिलं. मोठं नाक, मधोमध उंचवटा, टोकाला किंचित खाली. म्हातारपणानं गाल आत गेले होते म्हणून ते तर आणखीच पुढे आलं होतं. रोज दोन वेळा ते नाक त्याला पानात वाढत आलं होतं. घरात तीन पिढ्या चेहरे घडवणारे, आणि चेहरा शोधायला सगळे रस्ता ओलांडून जात होते.

"आई," तो म्हणाला, "काय झालं होतं ते सांग."

नोन्नानं सांगितलं, पण उभ्यानंच, आणि वाढता वाढता. ओरेस्ते गेला त्या आठवड्यात कारखान्यात त्याचा मुखवटा घ्यायला कुणी नव्हतं. मदतीच्या माणसानं सॉसेजवाल्याचा मुखवटा आणून फळीवर ठेवला होता आणि पैसे घेऊन तो पळून गेला होता. मग तिनंच नवऱ्याच्या चेहऱ्याला ऑलिव्हचं तेल लावलं, दाढीला दुप्पट लावलं, आणि त्यानं लावलेलं पाहिलं होतं तसं प्लास्टर कालवून ओतलं. सुकल्यावर मुखवटा फळीवर ठेवला, सॉसेजवाल्याच्या शेजारी. नावं लिहिली नाहीत. चेहरे ओळखण्यासाठी नाव लिहावं लागतं अशी त्या कारखान्यात पद्धतच नव्हती. चेझारे कार्राराहून निघाला होता तो नंतर बोटीवरून उतरला. त्यानं मालकाला जिवंत पाहिलेलं नव्हतं. त्याला दोन मुखवटे मिळाले आणि दोन अर्धपुतळे करायचे होते, आणि मोठं नाक त्याला मालकाचं वाटलं. ती तेव्हा दोन्ही पोरांच्या गोवरात अडकलेली. तिनं पुतळा पाहिला तो थेट समाधीघरात, पाद्रीबुवांनी चादर ओढली तेव्हा, बँड वाजत असताना. लोकांना वाटलं मरण माणसाला बदलतं, आणि दाढी काढल्यावर तर बदलतंच. बँडमधला एक तुतारीवाला तेवढा म्हणाला की ओरेस्तेनं अंग धरलंय.

"आणि तू काहीच बोलली नाहीस," लिव्हिओ म्हणाला.

"काय बोलणार होते? ज्या कारखान्याला स्वतःचा मालक ओळखता येत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांनी आपले बाप कशाला दिले असते. तुम्हाला दोघांना काय खायला घातलं असतं मी?"

"तेव्हाचं ठीक आहे. पण नंतर. मी मोठा झाल्यावर."

"नंतर तू त्याच्याशी बोलायला लागला होतास," नोन्ना म्हणाली. पातेलं तिनं खाली ठेवलं. "तुला बाप मिळाला होता. तो तुझ्याकडून काढून घेऊन तुला काय देणार होते मी? आणि माझा माणूस माझ्याकडे परत आला होता. हातगाडीवरून. माझी काही तक्रार नव्हती."

एत्तोरेला कळायला एक क्षण लागला. मग त्यानं खिडकीतून अंगणात पाहिलं. एकेक करत सगळ्यांनी पाहिलं. अंजिराखाली नाकारलेला डोक्यावर फडका घेऊन उभा होता.

"त्याच्या खांद्यावर पाय देऊन मी अंजीर काढले," लिव्हिओ म्हणाला.

"तो काही बोलला नाही," नोन्ना म्हणाली.

ओस्वाल्दोनं ताट पुसून घेतलं. त्याला या सगळ्याचं फारसं काही वाटलेलं नव्हतं. चेहरा कुणाचा का असेना, गॅरेजवाला उद्या जागा बघायला येतोय आणि त्याला आज कळवायचंय, म्हणून हातोड्याचं काय ते उरकून घ्यावं, असं त्यानं सुचवलं. नाक तर अजून त्याच्याकडेच आहे, मग ते आजोबांचं असो की आजीचं.

लिव्हिओनं मुलाकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या तोंडाकडे पाहताना त्याला मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. आज मागे कुणी नव्हतं. समोर रस्सा लागलेल्या हनुवटीचा एक माणूस होता, त्याचाच मुलगा, ज्याला दगड आवडत नव्हता.

"जेव," तो म्हणाला.

*

अंगणात सगळे गेले ते कुणी ठरवून नाही. पित्तालुगाबाई मागे राहिल्या होत्या, म्हणून लिव्हिओ त्यांच्याजवळ थांबला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला विचारता येण्यासारखं नव्हतं.

"कसे होते ते?"

"बाबा? ओरडायचे फार. सॉसेजमध्ये बडीशेप किती घालायची ते त्यांच्याइतकं कुणाला कळलं नाही, पण घरात ओरडणं."

"ऐकून घ्यायचे का कुणाचं?"

"कुणाचंच नाही," बाई म्हणाल्या.

"माझं घेतलं," लिव्हिओ म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या दंडावर हात ठेवला. पुतळा आपण मागायला आलेलो नाही, त्या म्हणाल्या. तिथे त्यांची कुणी इतकी निगा राखत असेल तर राहू दे, भिंतीतल्या खणात तसाही मावणार नाही. आपण वाटेपलीकडूनच बघत जाऊ. लिव्हिओनं त्यांना पुढल्या वर्षी अंघोळीला येण्याचं आमंत्रण दिलं.

अंजिराखाली एत्तोरेनं फडका उचलला होता. नाकाच्या जागी नुसता खडबडीत तुकडा, गालावर पावसाचे ओघळ, पाठीवर चार नवशिक्यांच्या छिन्नीच्या रेघा. लिव्हिओ जवळ येऊन उभा राहिला. हातोडा त्यानं घरातून आणला होता, मखमलीच्या कापडात गुंडाळलेला, आणि तो कुणाकडे द्यायचा हे आता त्याला माहीत नव्हतं. त्यानं दगडाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथून काही हुकूम आला नाही.

"याचं नाक कसं होतं, आई?"

"मला विचारतोस? तुझ्या पोरानं तोडलं तेव्हा विचारायचं होतंस."

लिव्हिओ ओस्वाल्दोकडे वळला. "तू तोडलंस. तू कर."

"साचा द्या, ओतून देतो," ओस्वाल्दो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

"साचा नाही," नोन्ना म्हणाली. "तो मुखवटा सॉसेजवाल्याचा समजून चेझारेनं काम झाल्यावर फोडून टाकला. त्याला जागा हवी होती."

मिर्ता तोवर कारखान्यातून मातीचा गोळा आणि वाकड्या पायांचा कंपास घेऊन आली होती. तिला तिथे कुणी बोलावलं नव्हतं. तुटक्या मुळावर तिनं बोट फिरवलं, भुवयांपासून खाली हाड किती उतरतं ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मागे वळून म्हणाली, "बाबा, या इकडे. हलू नका."

एत्तोरे गेला आणि पुतळ्याशेजारी उभा राहिला. चेझारेनं त्याला एकदा असंच एका पुतळ्याशेजारी उभं केलं होतं. मिर्तानं कंपासाचं एक टोक त्याच्या भुवयांच्या मध्ये आणि दुसरं नाकपुडीच्या कडेला टेकवलं, तेच माप तसंच उचलून दगडावर नेलं, आणि दोन्ही टोकं तुटलेल्या काठांवर नेमकी बसली. रुंदीचंही तसंच झालं. एत्तोरेनं डोळे मिटून घेतले होते आणि साठीचा तो माणूस मुलीनं हलू नका म्हटल्यामुळे हलत नव्हता, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊन त्या आखूड नाकाच्या कडेनं खाली उतरत होतं. इर्मानं ते पाहिलं. तिनं भांडण कायमचं रद्द केलं.

मातीचं नाक व्हायला वेळ लागला नाही. नोन्नाला स्टूल दिलं. तिनं आधी लांबून पाहिलं आणि जास्त देखणं झालंय, म्हणाली. मिर्तानं थोडी माती काढली. मग नोन्ना उठली, पुतळ्यापाशी गेली आणि अंगठ्यानं ते नाक मधोमध किंचित डावीकडे दाबलं.

"इथं मोडलं होतं," ती म्हणाली. "आमच्या गावात. माझ्या भावानं मोडलं, लग्न ठरायच्या आधी."

अंगठा तिनं लगेच उचलला नाही. सगळे उभे होते. ओस्वाल्दोनंही सिगारेट पेटवायची थांबवली होती.

"हा," नोन्ना म्हणाली. "हाच."

लिव्हिओनं मखमलीचं कापड सोडलं. हातोडा त्यानं कुणाच्या हातात दिला नाही. मिर्ताचा कंपास पडला होता तिथे, स्टुलावर, कंपासाशेजारी ठेवला. "नाक दगडात करायचं असेल तर लागेल," तो तिला म्हणाला. "डाव्या बाजूनं जड आहे. सांभाळून." मग त्यानं रिकामं कापड घडी घालून खिशात टाकलं आणि गॅरेजवाल्याला कळवून टाक, उद्या येऊ नको म्हणून, असं ओस्वाल्दोला सांगितलं.

मिर्तानं हात धुतले. मग ऊन अंजिराच्या पानांतून खाली यायला लागलेलं पाहून म्हणाली की माती सुकली तर तडकेल, उद्यापर्यंत ओलं कापड हवं. इर्मा धावत आत गेली आणि कपाटातली चांगली चादर घेऊन आली, कोरी, लग्नातली.

"ती नको," नोन्ना म्हणाली. तिनं खाली पडलेला स्वयंपाकघरातला फडका उचलला, बादलीत बुडवून पिळला आणि नवऱ्याच्या डोक्यावरून नाकापर्यंत नीट पांघरला. "हाच राहू दे. याची सवय आहे त्याला."